चिंचोक्यांचा डबा : एका शिक्षिकेच्या रोजच्या ताणाचं प्रकरण

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास बाई माझ्याकडे आल्या. हेल्मेट हातातच होतं. खुर्चीत बसल्या तरी ते त्यांनी खाली ठेवलं नाही, मांडीवर धरून ठेवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, आज माझ्या ओरडण्यानं पहिलीतल्या एका पोराची चड्डी ओली झाली."

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशनाचं काम करते. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहावंसं वाटलं त्याचं कारण असं, की रोजच्या ताणावरचे साधे उपाय बहुतेकांना माहीत असतात. बाईंनाही माहीत होते. त्या स्वतः मुलांकडून प्राणायाम करून घेत होत्या. तरीही त्यांचा त्यांना काही उपयोग होत नव्हता, आणि सुरुवातीच्या तीन आठवड्यांत मी सांगितलेल्या उपायांचाही झाला नाही.

बाईंचा दिवस

बाई चाळिशीच्या. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, पट ३८, दोन शिक्षक. पहिली-दुसरीचा जोडवर्ग बाईंकडे आणि तिसरी-चौथीचा सरांकडे. सेवाज्येष्ठतेमुळे मुख्याध्यापकाचा प्रभारही बाईंकडेच. घर तालुक्याच्या गावी, शाळा वाडीवर. स्कूटीवरून जाऊन-येऊन ४४ किलोमीटरचं अपडाऊन. घरी नवरा, दहावीतली मुलगी आणि गुडघे धरलेल्या सासूबाई.

मी त्यांना एका दिवसाचं वर्णन करायला सांगितलं. त्यांनी शाळा भरल्यापासून सुरुवात केली, तेव्हा मी म्हटलं, "नाही, डोळे उघडल्यापासून सांगा." पाचला उठल्या उठल्या हात मोबाइलकडे जातो. केंद्राचा (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा) ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, मुख्याध्यापकांचा ग्रुप, पोषण आहाराचा, मतदार यादीच्या कामाचा, पालकांचा, असे नऊ ग्रुप त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. रात्री अकरानंतर पडलेला "अत्यंत तातडीचे, उद्या सकाळी ११ पर्यंत" असा निरोप पहाटे दिसतो. तिथून पोळ्या लाटताना डोक्यात तीच माहिती. शाळेच्या रस्त्यावर एक चढ आहे, तिथपर्यंत रेंज असते, पुढे जाते. म्हणून त्या चढावर स्कूटी उभी करून पुन्हा एकदा ग्रुप बघायचे. शाळेत पोचल्यावर परिपाठ, हजेरी, मग आहाराच्या ॲपवर ताटांची संख्या. रेंजसाठी शाळेच्या मागच्या चिंचेखाली जाऊन उभं राहायचं. वर्गात 'क'ला काना शिकवताना खिशातला फोन थरथरला की हातातला खडू थांबतो.

"फोन थरथरला नाही तरी थरथरल्यासारखा वाटतो," असं त्या म्हणाल्या. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांकडून मी हे ऐकलं आहे.

रात्री दहाला झोप लागायची, पण तीनच्या सुमारास जाग यायची. मग अंधारात हिशेब सुरू. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरतात. ३८ मुलं म्हणजे ३ किलो ८०० ग्रॅम तांदूळ. मागच्या आठवड्यात दोन दिवस पट कमी होता, मग शिल्लक किती, कोठीतलं पोतं आणि रजिस्टर जुळतं का? असं करत साडेचार वाजायचे.

छातीत आवळल्यासारखं होणं, आम्लपित्त, मान आणि खांदे कायम दुखणं, संध्याकाळी मुलीवर चिडणं हे सगळं पाच-सहा महिन्यांपासून होतं. पण बाई त्यासाठी आल्या नव्हत्या. त्या आल्या त्या पोरासाठी. चौदा वर्षांच्या नोकरीत मुलांना आपली भीती वाटावी असं कधी झालं नव्हतं, आणि त्या दिवशी ते डोळ्यांसमोर झालं. त्यांनीच त्याला धुवून, घरून आणलेला स्वतःचा टॉवेल गुंडाळून ऑफिसात बसवलं होतं. तो त्यांच्याकडे न बघता भिंतीकडे बघत बसला. एवढं सांगितल्यावर त्या रडल्या.

आधी शरीराकडे

छातीत आवळतं म्हटल्यावर ते ताणामुळेच असं मी गृहीत धरत नाही. कुणीही धरू नये. बाईंना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी ठीक निघाला, रक्तदाब किंचित वरच्या बाजूला, थायरॉइड ठीक, आणि हिमोग्लोबिन ९.४. चढावर लागणारी धाप आणि सततचा थकवा यांत या पांडुरोगाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असण्याचा, वाटा होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. श्वासाच्या कुठल्याही तंत्राने हिमोग्लोबिन वाढत नाही, हे मी बाईंना स्पष्ट सांगितलं.

दुसरी गोष्ट मी पहिल्याच भेटीत सरळ शब्दांत विचारते आणि बाईंनाही विचारली : जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? "नाही," म्हणाल्या, "सगळं सोडून माहेरी जावं असं वाटतं, तेवढंच." उत्तर हो असतं तर हे प्रकरण वेगळं झालं असतं, मी त्यांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले असते. ज्यांना असं वाटतं किंवा आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नाही, त्यांनी खाली वाचाल त्या उपायांवर विसंबू नये. टेलिमानस ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं.

मोजमापासाठी मी ताण जाणवण्याची एक जुनी प्रश्नावली वापरते. शेल्डन कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती १९८३ मध्ये मांडली. तिच्या दहा प्रश्नांच्या रूपात ० ते ४० गुण मिळतात, जितके जास्त तितका ताण जास्त. बाईंचे २७ आले. पण ते आकडे माझ्या वहीसाठी. त्यांच्यासाठी त्यांना पटेल असं माप हवं होतं, ते त्यांनीच शोधलं. पहिलीला मोजणी शिकवायला वर्गात चिंचोके असतातच. मुलांवर आवाज चढला की एक चिंचोका टेबलाच्या खणातल्या डब्यात टाकायचा, असं ठरलं. शनिवारी डबा मोजायचा. पहिल्या आठवड्यात ३१ निघाले.

पहिला बेत का फसला

आता माझ्या चुकीबद्दल. मी बाईंना पहाटे वीस मिनिटांचा कार्यक्रम आखून दिला : पाच मिनिटं दीर्घ श्वसन, दहा मिनिटं डोळे मिटून बसणं, पाच मिनिटं मान आणि खांद्यांचे व्यायाम. सोबत एक छापील तक्ता, रोज केलं की खूण करायची. एवढा व्यवस्थित बेत दिल्याचं मला समाधानही वाटलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी तक्ता आणला तेव्हा एकवीसच्या एकवीस खुणा होत्या, एकाच शाईत, एकाच वळणाच्या. मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "ताई, खोटं आहे हे. काल रात्री बसून भरलं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "अजून एक माहिती भरायची झाली ना."

त्या वाक्याने मला माझी चूक दिसली. ज्या बाईचा ताण रकाने भरण्यातून आला होता, तिला मी आणखी एक रकाना दिला होता. पहाटेची वीस मिनिटं त्यांच्याकडे नव्हतीच. ती झोपेतून किंवा मुलीच्या डब्यातून काढावी लागत होती. केलं नाही की अपराधी वाटायचं आणि त्या अपराधीपणाचाही वेगळा ताण. डब्यात त्या आठवड्यात २९ चिंचोके होते, म्हणजे फरक काहीच नाही.

आम्ही तक्ता फाडला. एका कोऱ्या कागदावर त्यांचा दिवस पुन्हा मांडला आणि मी वेगळा प्रश्न विचारला : या दिवसात तुम्ही आपोआप कुठे थांबता? नवा वेळ शोधायचा नव्हता, असलेली थांबण्याची ठिकाणं शोधायची होती. सहा सापडली. स्कूटी स्टँडला लावल्यावर हेल्मेट काढण्याआधीचा क्षण. परिपाठातलं एक मिनिटाचं मौन. चिंचेखाली रेंजची वाट बघणं. खिचडीची पंगत बसते तेव्हा उभं राहणं. संध्याकाळी घराच्या ओट्यावर चप्पल काढणं. आणि रात्री दिवा मालवण्याआधीचा वेळ. इथून पुढे जे काही केलं ते या सहा जागांवरच केलं.

श्वास जमेना, मुठी जमल्या

सगळ्यात सोपा उपाय श्वासाचा, असं सगळेच सांगतात. त्यामागे शरीराचं कारणही आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित वेगावते, सोडताना मंदावते. उच्छ्वास लांबवला की हृदयाला मंद करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला जास्त वाव मिळतो. मिनिटाला साधारण सहा श्वास या गतीला हा परिणाम चांगला दिसतो. म्हणजे चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा.

बाईंनी माझ्यासमोर करून पाहिलं आणि तिसऱ्याच श्वासाला डोळे उघडले. चेहरा उतरला होता. "छातीकडे लक्ष गेलं की जास्तच आवळतं." छातीतल्या त्रासाने घाबरलेल्या माणसाला श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं तर त्याची भीती वाढू शकते. हे मला माहीत असूनही मी सवयीने तेच सांगितलं होतं. अशा वेळी "जमेल, करत राहा" म्हणणं चुकीचं आहे.

म्हणून आम्ही छाती सोडून हातांकडे वळलो. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टराने १९२०च्या दशकात स्नायू शिथिल करण्याची एक पद्धत मांडली. स्नायू आधी मुद्दाम ताणायचा आणि मग सोडायचा, म्हणजे सैल असणं कसं असतं ते शरीराला कळतं. त्याची मूळ पद्धत फार लांबलचक होती, महिनोन्‌महिने शिकवायची. बाईंसाठी आम्ही तिची अगदी छोटी आवृत्ती घेतली. दोन्ही मुठी पाच आकड्यांपर्यंत आवळायच्या, मग एकदम सोडायच्या आणि दहा-पंधरा आकडे बोटं जड होऊ द्यायची. मग खांदे कानांपर्यंत उचलायचे, सोडायचे. मग दात आवळायचे, सोडायचे. एवढ्याला दीड मिनिट लागतं. पदराखाली मुठी आवळल्या तर कुणाला दिसतही नाही.

जागा : खिचडीची पंगत. मदतनीस ताई वाढत असतात, बाई उभ्या असतात. तिथे हे बसलं. सोडल्यावर खांदे दोन बोटं खाली येतात, म्हणजे सकाळपासून आपण ते वर धरून ठेवलेले असतात, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी स्कूटीवरही लक्षात आलं : हँडल एवढं घट्ट धरलेलं, की बोटांची पेरं पांढरी पडलेली. मग स्टँड लावल्यावरही मुठी. हेल्मेटच्या आत दात सैल सोडणं ही त्यांची स्वतःची भर.

श्वास शेवटी आला तो दुसऱ्याच वाटेने, आणि ही गोष्ट मला फार आवडते. परिपाठातल्या मौनाच्या मिनिटात पहिली-दुसरीची मुलं चुळबुळ करायची, त्यामुळे तिथेही बाईंचे एक-दोन चिंचोके खर्च व्हायचे. त्यांनी मौनाच्या जागी भ्रामरी घेतली. कान बंद करून भुंग्यासारखा गुंजारव, दम पुरेल तोवर. मुलांची शर्यत लागली, कुणाचा भुंगा जास्त वेळ उडतो याची. ३८ मुलांमधून चाललेला तो आवाज शाळेबाहेरच्या रस्त्यावर ऐकू जातो म्हणे. बाईही त्यात असायच्या. गुंजारव करताना उच्छ्वास आपोआप लांबतो आणि लक्ष छातीवर न राहता आवाजावर राहतं. ज्या श्वासाची त्यांना भीती वाटत होती, तो मुलांबरोबर खेळताना जमला.

घरी सासूबाई संध्याकाळी जपमाळ ओढत बसतात. बाईंनी एकदा विचारलं की याचाही उपयोग होतो का. मी त्यांना इटलीतला एक प्रयोग सांगितला. लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली कॅथलिक जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींमध्ये श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदय व रक्तदाबाच्या लयींवर चांगला परिणाम दिसला. दोन वेगळ्या धर्मांतल्या जपांनी एकच गती गाठली. बाई त्यावर म्हणाल्या, "म्हणजे आई रोज औषध घेतात आणि मी त्यांना म्हणते, माळ ठेवा, जेवून घ्या." तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा त्या ओट्यावर सासूबाईंजवळ बसतात. माळ एकच, त्यामुळे बाई बोटांच्या पेरांवर नाम मोजतात.

फोनचं काय करायचं

इथपर्यंत पाच आठवडे झाले होते. डब्यात २२ चिंचोके. फरक होता, पण ज्या पाण्यात त्या उभ्या होत्या ते तसंच होतं. मुठी सोडून खांदे खाली आणायचे आणि पुढच्या मिनिटाला फोन थरथरून ते पुन्हा वर जायचे. ताण कमी करण्याची तंत्रं शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे कबूल केलं पाहिजे, की भार तसाच ठेवून माणसाला फक्त सैल व्हायला शिकवणं अन्यायाचं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. "आम्हाला शिकवू द्या" ही शिक्षकांची हाक उगाच उठलेली नाही. बाईंच्या माहितीच्या कामांचा बराचसा भार कुठल्याही श्वासाच्या तंत्राने कमी होणारा नव्हता. पण त्यातला काही भाग बाईंच्या हातात होता, आणि तो आम्ही शोधला.

कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे कामी आला. १२४ लोकांना एक आठवडा ईमेल दिवसातून तीनदाच बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवं तितक्यांदा. तीनदा बघण्याच्या आठवड्यात रोजचा ताण कमी नोंदला गेला. बाई ऐकून म्हणाल्या, "तिकडे चालत असेल. माझं साहेबांना उत्तर गेलं नाही तर?"

ही भीती खरी होती, म्हणून आम्ही ती मोजली. एक आठवडाभर बाईंनी आलेल्या प्रत्येक "तातडीच्या" निरोपासमोर लिहिलं, की तासाभरात उत्तर दिलं नसतं तर खरंच काय अडलं असतं. आठवड्यात ४१ निरोप आले. त्यांतले ज्यांना त्या तासातच उत्तर हवं होतं असे चार निघाले, आणि त्या चारपैकी तिघांत पुढे फोनही आला होता. कागदावरचा हा हिशेब बघून बाई कितीतरी वेळ गप्प होत्या.

मग तीन वेळा ठरल्या : सकाळी शाळेत पोचल्यावर चिंचेखाली, दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी शाळा सुटताना. बाकी वेळ ग्रुप मुके. केंद्रप्रमुख, सर आणि मुलगी यांच्या फोनला वेगळी रिंगटोन, म्हणजे खरंच काही असेल तर ते कळेल. पहाटे उशाशी फोन नको म्हणून सव्वाशे रुपयांचं गजराचं घड्याळ आलं. चढावर स्कूटी थांबवणं बंद.

केंद्रप्रमुखांशी बोलायला त्या तयार नव्हत्या. आम्ही ते बोलणं दोनदा म्हणून पाहिलं. तक्रारीचा सूर नको, फक्त विनंती. केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "सर, माहिती कधीपर्यंत हवी ते निरोपाच्या पहिल्याच ओळीत टाकलंत तर आम्हाला वर्ग न सोडता नियोजन करता येईल. अगदी तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलतेच." केंद्रप्रमुखांनी मान्य केलं, आणि बाजूच्या तीन शाळांच्या शिक्षकांनी तिथेच "हो सर, बरं होईल" म्हटलं. त्या रात्री बाईंनी मला फोन करून हे सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदा इतका मोकळा ऐकला.

याहून मोठा फरक शाळेतल्या सरांमुळे पडला. आहाराची रोजची नोंद आणि साठा रजिस्टर हे प्रभारी मुख्याध्यापकाचं काम म्हणून बाई एकट्याच करत होत्या. सर वयाने लहान, मोबाइलमध्ये तरबेज. त्यांनी पूर्वी एकदा विचारलं होतं, बाईंनी "राहू द्या" म्हटलं होतं. आता त्यांनीच सरांना विचारलं. एक आठवडा तुम्ही, एक आठवडा मी. सरांनी साठ्याचा हिशेब एका तक्त्यात बसवून दिला, ताटांची संख्या टाकली की शिल्लक समोर येते. पहाटे तीनचे तांदूळ तिथे संपले, असं मला वाटलं होतं. पूर्ण संपले नाहीत, त्याबद्दल पुढे.

रात्रीची वही

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर एक प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर.

बाईंचा त्रास झोप लागण्याचा नव्हता, मध्येच मोडण्याचा होता. म्हणून हा उपाय लागू पडेल याची मला खात्री नव्हती आणि तसं मी सांगितलंही. जुन्या हजेरीपटाची मागची कोरी पानं त्यांनी वापरायला घेतली. पहिल्या रात्री लिहिलं, "आहाराचं बघणे." मी म्हटलं, हे नेमकं नाही. दुसऱ्या आठवड्यात लिहिलेलं असं होतं : "सकाळी कोठीतलं तिसरं पोतं काट्यावर घालणे, सर सोबत." हे वाचून मन थांबतं, कारण यात पुढचं पाऊल ठरलेलं आहे.

त्याच्या जोडीला काळजीची वेळ. थॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सुचवलेली ही पद्धत दिसायला विचित्र वाटते : रोज ठरावीक जागी, ठरावीक अर्धा तास काळजी करायची आणि इतर वेळी काळजी आली की तिला "संध्याकाळी बघू" म्हणायचं. बाईंनी पंधरा मिनिटं घेतली, ओट्यावर, चप्पल काढून, पायऱ्यांवर बसून. मुलीला सांगून ठेवलं होतं, तेव्हा हाक मारायची नाही. पहाटे तीनला तांदूळ आठवले की स्वतःशी म्हणायच्या, "ओट्यावर." कधी उपयोग व्हायचा, कधी व्हायचा नाही. आठवड्यातल्या पाच रात्रींची जाग सातव्या-आठव्या आठवड्यात दोन रात्रींवर आली, त्यात चहाचाही वाटा असावा. दिवसाला सहा कप होते, शेवटचा रात्री आठला. चारनंतरचे दोन्ही बंद केले. लोहाच्या गोळीच्या आसपास चहा घेतल्याने लोह नीट अंगी लागत नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं.

सहाव्या आठवड्यात घसरण झाली. मतदार यादीच्या कामाने एकदम उचल खाल्ली, घरोघर फिरावं लागलं, आणि त्याच आठवड्यात शाळेला भेट ठरली. मुठी, वही, ओटा, सगळं सुटलं. चिंचोके ३४, पहिल्या आठवड्यापेक्षाही जास्त. बाई डबा घेऊनच आल्या आणि टेबलावर उपडा केला. मी विचारलं, भेट झाल्यावर पहिलं काय परत सुरू झालं? त्यांना आठवावं लागलं. "भ्रामरी. मुलंच सोडत नाहीत." बाकी सगळं सुटलं तरी जे दुसऱ्यांबरोबर होतं ते टिकलं होतं. तेव्हापासून मी कुणालाही एकट्याने करायचे उपाय कमी सांगते.

दहा आठवड्यांनंतर

फेब्रुवारीच्या मध्यात प्रश्नावलीचे गुण २७ वरून १६ वर आले होते. हिमोग्लोबिन ११.१. रक्तदाब ठीक. डब्यात ९ चिंचोके. यातलं किती श्वासामुळे, किती गोळ्यांमुळे, किती सरांमुळे आणि किती फोनच्या तीन वेळांमुळे, हे वेगळं काढता येत नाही. एका माणसाच्या प्रकरणावरून तसा दावा करूही नये. मोजायला लागलं की माणूस आपोआप सावध होतो, त्यामुळे चिंचोक्यांनीही काही काम केलंच असणार. बाईंना विचारलं तर त्या क्रम असा लावतात : सर, मग फोन, मग भ्रामरी, मग वही. मुठींना त्या उपाय मानत नाहीत, "ती आता सवय आहे" म्हणतात.

काही गोष्टी राहिल्या. केंद्रप्रमुखांच्या निरोपात पहिल्या ओळीत मुदत यायची ती दोन महिने आली, मग पुन्हा जुनी पद्धत सुरू झाली. बाईंनी आठवण करून दिली, आता कधी येते कधी नाही. शेजारच्या तालुक्यात तशी विनंती करणाऱ्या एका शिक्षिकेला वेगळा अनुभव आला आणि तिला बोलणी बसली, हेही मला माहीत आहे. म्हणून सरसकट "वरिष्ठांशी बोला" असं मी सांगत नाही. संध्याकाळी मुलीवर चिडणं कमी झालं, पण दहावीची परीक्षा जवळ आली तसं दोघींचंही ताणलं जायचं. पहाटेची जाग आठवड्यातून एखादी रात्र आहेच, आणि त्या रात्री तांदूळच असतात.

त्या पोराबद्दल मी मुद्दाम विचारलं नव्हतं. एप्रिलमधल्या भेटीत बाईंनीच सांगितलं. डब्यात चिंचोके पडताना मुलं बघायचीच, आणि पहिलीच्या मुलांपासून काही लपत नाही. एका शनिवारी बाई मोजायला बसल्या तर तो जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी मोजू?" त्याला वीसच्या पुढचे आकडे येत नव्हते. त्याची अडचण झाली नाही, त्या आठवड्यात सात होते.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा नवी पहिली येईल. सरांची बदली होण्याची शक्यता आहे, आणि तसं झालं तर साठा रजिस्टर पुन्हा बाईंकडे येईल. जूनच्या दुसऱ्या शनिवारी फोन करायचं आमचं ठरलं आहे. नवे सर किंवा बाई कोण आले ते बघून पहिल्याच आठवड्यात आहाराची नोंद वाटून घ्यायची, हे त्यांनी हजेरीपटाच्या मागच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलं आहे.